विलासचा पासपोर्ट

रविवार, १ मार्च २००९. शारजा.
कंपनीचे व्हिसा-कागद बघणाऱ्या मंदूबचा फोन, इटलीचे व्हिसे लागले. पासपोर्ट अजून ऑफिसात, त्याच्याच कपाटात. फेब्रुवारीपासून मी आणि विलास बिनपगारी रजेवर. साइट बंद, क्रेन जिथल्या तिथे उभ्या. गावी जायचं विलास नको म्हणतो. "बुवा, एसटीतून उतरलास की पहिला प्रश्न, परत कधी जाणार. काय सांगशील?" खरं आहे. गावच्या शाळेत एका बाकावर, इथे अठरा वर्षं एका खोलीत, पण त्याला युरोप बघायची हौस आहे हे आत्ता कळलं. रोमच हवं म्हणतो. स्वस्तातलं विमान, पाठीवर एक पिशवी, आठ दिवस. मी हो म्हणालो. खोलीत बसून कंपनीच्या फोनची वाट बघण्यापेक्षा बरं, एवढंच.

मंगळवार, ३ मार्च
कर्जाच्या गाड्या विमानतळावर टाकून लोक पळतायत, म्हणून कंपनीचा नवा नियम. रजेवरचा माणूस बाहेर जाणार तर दुसऱ्याने हमी द्यायची. पहिला परत येईपर्यंत हमीवाल्याचा पासपोर्ट कपाटातून निघणार नाही. मला जुना म्हणून सोडलं; विलास या कंपनीत नंतर आलेला. विलाससाठी स्टोअरमधला कुंजुमोन तयार झाला. एप्रिलात त्याच्या मुलीचं लग्न, केरळात. सही करताना म्हणाला, "दत्ताभाई, विलासभाई को मैं क्या जानता है. तुम बोलता है, इसलिए." मी म्हणालो, मेरी जबान है.

मंगळवार, १० मार्च. रोम.
होळी पौर्णिमा. पोळी नाही. हॉस्टेलच्या खोलीत आठ पलंग, एकावर एक, मला वरचा. लेबर कॅम्पात पहिली तीन वर्षं असाच वरचा होता. इथे त्याचे दिवसाला नव्वद दिरहम, म्हणजे साडेबाराशे रुपये. विलास म्हणाला, "तिकडे फुकट होता तर रोज रडायचास." पोरं-पोरी एकाच खोलीत. भिंतीकडे तोंड करून जप केला. दोघांचे पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाकिटात. विलास विसराळू, म्हणून शारजा विमानतळापासूनच माझ्याकडे.

गुरुवार, १२ मार्च
दिवसभर पायी. विलास साइट सुपरवायझर, दोन हजार वर्षांच्या भिंतीतही सांध्यात नख घालून बघतो. "आपल्या टॉवरला चार वर्षं झाली नाहीत, प्लास्टर सुटलं." दुपारी कारंज्याच्या कठड्यावर पाव, चीज, टोमॅटो. त्याला फोन येतात. उठून लांब जातो, हिंदीत बोलतो. परत आला की जरा जास्तच हसतो.

शुक्रवार, १३ मार्च
विलासने सांगून टाकलं. आमच्याकडचा शटरिंगचा सुतार बलविंदर, दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेला, इथून दीड तासावर गाईंच्या गोठ्यात आहे. आणखी एक माणूस हवाय.
"व्हिसा पंधरा दिवसांचा आहे."
"कागद विचारत नाहीत. दूध काढता येतं का, एवढंच विचारलं."
"गोठा सोडून तर आपण बाहेर पडलो, विलास."
"आणि क्रेनखाली म्हातारे झालो. आता क्रेनही थांबली."
"कुंजुमोन?"
"होईल काहीतरी. कंपनी कुणाच्या मुलीचं लग्न अडवत नाही."
अडवते. त्यालाही माहीत आहे.

शनिवार, १४ मार्च
सकाळी पासपोर्ट मागितला. "जवळ असलेला बरा." मी म्हणालो, खाली लॉकरमध्ये आहे, किल्लीवाली मुलगी आज नाही. पाकीट शर्टाखाली पोटाला चिकटलेलं. तो बरं म्हणाला. दिवसभर त्याच्याबरोबर चाललो. काय पाहिलं त्यातलं काहीच आठवत नाही.

रविवार, १५ मार्च
एका चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. नाम कुठेही घेता येतं. आज घेता येईना. मंदूब डोळ्यांसमोर. अठरा वर्षं त्याच्या कपाटाच्या नावाने बोटं मोडली, आणि आता कपाट माझ्याच कमरेला. माझा हेतू चांगला आहे. त्यालाही तसंच वाटत असेल.
बाहेर पायरीवर विलास संत्रं सोलत होता. पासपोर्ट त्याच्या हातात दिला.
"लॉकर उघडलं वाटतं?"
"लॉकर नव्हतंच."
अर्धं संत्रं पुढे केलं. "माहीत होतं, बुवा. रात्रभर पोट धरून झोपला होतास."

सोमवार, १६ मार्च
गेला गोठा बघायला. पिशवी घेऊन. "बघून येतो. बुधवारी सरळ विमानतळावर." स्टेशनवर सोडताना अडवावंसं वाटलं. त्याच्या कॉलरचं बटण लावलं फक्त. नंतर एकटा नदीकाठाने. कुंजुमोनला काय सांगायचं, हिंदीत जुळवत.

बुधवार, १८ मार्च. रोम, विमानतळ.
आला नाही. काउंटर बंद व्हायच्या आधी मेसेज. शनिवारच्या विमानाने येतो, कुंजुमोनला सांग. तीनदा वाचला. कधी खरा वाटतो, कधी

गुरुवार, १९ मार्च. शारजा.
उतरून सरळ ऑफिस. माझा पासपोर्ट मंदूबच्या टेबलावर ठेवला. विलासची हमी आता माझी, कुंजुमोनला मोकळा करा. "हबीबी, सोच लो. वो नहीं आया तो तुम भी इधरही." सही केली. मग त्याने ड्रॉवरमधून यादी काढली. कमी करायच्या लोकांची. विलास चौथा. माझं नाव नाही, या महिन्यात तरी. "उसको मत बोलना. पहले आने दो, व्हिसा कॅन्सल करना है."
कुंजुमोनने आपला हमीचा कागद घडी करून खिशात ठेवला. रागावला नाही. विचारलं, "विलासभाई ठीक है ना? खाना-वाना मिलता है?" हे मी अजून विचारलंच नव्हतं.

शुक्रवार, २० मार्च
ऑफिसला सुट्टी. यादीचं सांगितलं तर तो येणार नाही. न सांगावं तर येईल, कागदावर सही करेल, आणि महिन्याभरात गावात लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसेल. मेसेज लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला. सुमनने फोनवर विचारलं, मे महिन्यात येताय ना. मी येतो म्हणालो. बायकोशी हे पहिलं खोटं नाही, पण

शनिवार, २१ मार्च
सकाळी पूजा झाल्यावर पाठवला. यादीत तुझं नाव आहे. कुंजुमोन मोकळा झाला. तुला बरं वाटेल ते कर. जेवतोस ना नीट?
कुंजुमोन कसा मोकळा झाला ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तेही त्याला बांधणंच.
देवापुढे हात जोडले, पण काय मागावं ते ठरेना. तो यावा, की जिथे आहे तिथे सुखरूप असावा. नुसता उभा राहिलो.
उत्तर नाही. दुपारपासून त्याचा फोन बंद लागतो. विमानात बसला असेल तरी बंदच लागणार.
आठला उतरतं. कुंजुमोन त्याच्या मित्राची गाडी घेऊन खाली आलाय. त्याला यायची आता काही गरज नव्हती. दोनदा हॉर्न झाला. "दत्ताभाई, यल्ला, रस्ता जाम होगा."
निघतो.