बाबांचा जपानी वस्तरा

रेवदंडा, सोमवार, संध्याकाळ

आज माझ्या हातून बाबांच्या हनुवटीला रक्त आलं. चार वर्षांत पहिल्यांदाच.

बोटीवर नोकरीला असताना त्यांनी हा वस्तरा जपानहून आणला. मूठ आणि पातं एकसंध, मिटत नाही. गालाला त्याची एकच बाजू लावायची आणि दगडावर दोन्ही बाजू सारख्या घासायच्या नाहीत, नाहीतर धार बिघडते, हे त्यांनीच मला शिकवलं, अर्धांगवायूनंतर. खाऱ्या हवेत गंज चढतो, म्हणून मी तो रोज पुसून खोबरेल लावून ठेवते.

काल सतीश आला होता. मी बाजारात गेले तेवढ्यात त्याने दारावरच्या धारवाल्याच्या चाकावर तो धरायला दिला. दोन्ही बाजू सारख्या!

"ताई, बोथट झाला होता. बघ कसा चकचकीत केला!"

बाबा खूश. "मुलगा घरी आला की कामं होतात."

मग मी रोज काय करते?

सकाळी सतीश मुंबईला गेला आणि मी बाबांची दाढी करायला बसले. पातं सरकेना, नुसतं ओरबाडत गेलं.

"तुझा हात जड झालाय गो," बाबा म्हणाले. "उद्यापासून नाक्यावरच्या न्हाव्याला बोलव."

हात तोच आहे, हे का नाही सांगितलं मी? भावाची चहाडी वाटली असती म्हणून? दोन्ही बाजू सारख्या. दिवसभर तेच डोक्यात.

न्हाव्याला फोन केला. आठला येतो म्हणाला.

दिवसातली ती दहा मिनिटंच बाबा डोळे मिटून माझ्यावर विसंबत होते.