एमजी आणि ट्रायम्फ यांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा लोकांना मोटार शिकवण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. तसं आणणारा अजून जन्मायचा आहे. याआधीची माझी मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती.

कलम एक. गॅरेज, त्यावरची माझी खोली आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला, द्यावी. पाने, जॅक आणि हवा भरायचा पंपही तिलाच. शेजारच्या पत्रेवाल्याने नेलेला मोठा पाना तिने मागून घ्यावा. तो आपणहून देणार नाही.

कलम दोन. माझ्या मालकीच्या दोन जुन्या विलायती गाड्या, हिरवी एमजी आणि लाल ट्रायम्फ, याही भाचीला. ट्रायम्फ माझी कशी झाली, हे लिहून ठेवणं भाग आहे.

दोन्ही गाड्या बाबांनी भंगारातून उभ्या केल्या. सहा सिलिंडरची ट्रायम्फ दादाला दिली, चार सिलिंडरची एमजी मला. "पोरीच्या हाताला हलकीच बरी," म्हणाले. ते मला लागलं, अजून लागतं. सरळ रस्त्यावर ट्रायम्फ एमजीला मागे टाकते, यात वाद नाही. पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. पण तिचं नाक जड, वळायला वेळ लावतं. एमजी वळणात सांगाल तिथे जाते, आणि घसरणार असेल तर आधी कळवते. म्हणून सपाटीवर दादा जिंकायचा आणि म्हणायचा, "चालवणारा लागतो." डोंगरावर, मोटार क्लबच्या चढाईच्या शर्यतीत, मी जिंकले की म्हणायचा, "गाडीच वळणाची आहे, त्यात तुझं काय?" नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच.

यंदाच्या चढाईआधी मी म्हटलं, "दादा, गाड्या बदलू. जिंकेल त्याच्या दोन्ही."

वहिनी म्हणाली, "अहो, नाही म्हणा." तो हो म्हणाला.

त्याने एमजी ट्रायम्फसारखी हाणली, वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला, आणि दर वळणाला वेग घालवून बसला. मी ट्रायम्फला वळणाआधीच आवरलं, नाक वळेपर्यंत धीर धरला, मग सहाही सिलिंडर मोकळे सोडले. वर माथ्यावर वेळ मोजणाऱ्या घड्याळवाल्याने आकडा पुन्हा तपासला. एमजीतल्या माझ्या सर्वांत चांगल्या वेळेलाही मी मागे टाकलं होतं. तेव्हा दोन्हींत सरस गाडी कोणती, तर जिच्यात मी बसेन ती.

दादाने किल्ली दिली. "तू चांगली चालवतेस," एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. मला किल्लीपेक्षा ते हवं होतं.

कलम तीन. थोरल्या भावापेक्षा मी मोटार चांगली चालवते, कोणतीही मोटार, असं जाहीर करते.

कलम चार. दादाला काही देत नाही. राग नाही. साक्षीदाराला आणि त्याच्या बायकोला मृत्युपत्राने काही मिळत नाही, असं वकील म्हणाले. आणि साक्षीला मला तोच हवा. म्हणून शिलाई मशीन वहिनीकडे कालच पोचवलं. भाचीने बापाला एमजीत फिरवावं, पण वळणावर त्याचा सल्ला ऐकू नये.

ठिकाण: गॅरेजवरची खोली
दिनांक: चढाईनंतरचा पहिला रविवार
सही: (केली आहे)

साक्षीदार, घरचे डॉक्टर: बाई पूर्ण शुद्धीत आहेत. रक्तदाब माझ्यापेक्षा बरा.

साक्षीदार, थोरला भाऊ: सही माझ्यासमोर झाली. कलम तीनशी माझा संबंध नाही. (हे वाक्य त्याने स्वतः खोडलं आहे.) कलम तीन खरं आहे. पहिल्या चढाईपासून मला माहीत होतं.