सहा-दहाचा मेन स्विच

प्रिय दैवशाला,

सासऱ्याचं पत्र बघून हसशील. हस. पण फोनवर हे बोलता येईना, म्हणून लिहून राह्यलो. तू नवऱ्याकडं, आपल्या कल्याणकडं, जालन्याला निघून गेल्यापासून मंठ्यातलं घर गप्प आहे. तुझी सासू माझ्यावर खेकसते, म्हणजे ठणठणीत आहे.

अभ्यासिकेतले तू सांभाळायचीस ते लिनक्सचे कॉम्प्युटर पाचव्यांदा बंद पडले, तो दिवस डोळ्यापुढून जात न्हाई. कोणते प्रोग्राम बसवलेत त्याची मशीनची नोंदवही असते, पॅकेज डेटाबेस. तीच दर खेपेला बिघडते, असं तू भाकरी थापता थापता मला समजावलं होतंस. तू डिस्क बदलल्या, सगळं नव्यानं भरलं, तरी शनिवार झाला की पुन्हा तेच. मंग अभ्यासिका चालवणारे साहेबराव सर पोरांदेखत म्हणाले, बाईला काम येत न्हाई, पुढच्या सोमवारपासून दुसरा माणूस बघू. तू मान खाली घातलीस. मला लई राग आल्ता, पण मी पडलो शिपाई, किल्ल्या धरून दाराशी उभा राह्यलो.

काल अभ्यासिकेत तुझं टेबल पुसताना तुझी वही सापडली. पाच शनिवार, अन् प्रत्येकापुढं एकच ओळ: सहाला अपडेट सुरू, सहा-दहाला मेन बंद. म्हणजे मशीन नोंदवहीत लिहीत असताना कुलूप लावायच्या नादात लाइट मीच घालवली! शेवटी लिहिलंय, अपडेटची वेळ दुपारची केली. अगं यडे, म्हणजे मशीन आता बिघडणार न्हाईत अन् नाव नव्या माणसाचं होणार. तुला कळलं होतं, तरी माझं नाव घेतलं न्हाईस.

कापसाच्या जिनिंग कारखान्यात वॉचमन होतो तेव्हा कुलपाआधी मेन खाली ओढायचा नेम होता. एकदाच विसरलो. ठिणगी पडली, कापूस पेटला अन् सोबतच्या गोरक्षनाथचे दोन्ही हात भाजले. हे मी घरात कुणालाच सांगितलं न्हाई. तेव्हापासून हात आपोआप मेनवर जातो.

आज सकाळी पोरं बसलेली असतानाच सरांपुढं तुझी वही ठेवली. चूक माझी, सुनेची बिलकुल न्हाई, असं मोठ्यानं सांगितलं. सर बराच वेळ वाचत बसले, मंग तुझा नंबर मागितला. माझ्याकडच्या किल्ल्या मात्र ठेवून घेतल्या. त्यांचा फोन येईल, तो उचल, हे सांगायलाच हे पत्र. सोमवारी तूच ये. कुलूप लावायला मी नसेन, पण दुपारी तुझा डबा घेऊन येत जाईन.

तुझाच,
पुंजाराममामा