कापण्याआधी एक हिसका

३ मार्च
करावे गावात बस्तान बसलं! देवजीकाकांच्या घराची वरची खोली, खिडकीतून खाडी, आणि गोजराकाकूंनी आल्या आल्या पुढ्यात ठेवलेली भाकरी नि सुक्या बोंबलाची चटणी. आम्ही सातारकर, आमचं पाणी विहिरीतलं, तळ दिसणारं. तरी हट्टानं मालवणात डायव्हिंग शिकलो आणि आता पगारी पाणबुड्या झालो. काम एकच: खाडीपुलाच्या खांबांना अडकलेली जुनी जाळी कापून काढायची. काकांचा मुलगा कुंदन माझा जोडीदार. काका होडीत बसून आमचे दोर सांभाळणार.

५ मार्च
हत्यार निवडलं. मला मोठा सुरा हवा होता, शान म्हणून. कुंदन हसला. म्हणाला, या गढुळात आपला हात दिसत नाय, टोक आपल्याच मांडीत घुसेल, छोटं घे, टेन्शन नको. शेवटी तळहाताएवढा कटर घेतला. पातं खाचेत लपलेलं. दोरी खाचेत अडकवून ओढायची, की तुटली. छातीवर बांधलाय, कुठलाही हात मोकळा असला तरी पोचतो. काम झालं की गोड्या पाण्यात धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर गंज चढतो.

९ मार्च
पहिली बुडी. खाली डोळे असून नसल्यासारखे, सगळा कारभार बोटांवर. काकांचा नियम असा: जाड दोरी हाताला लागली तर कापण्याआधी एक हिसका द्यायचा. उलट हिसका आला तर ती जाळ्याची नव्हे, माणसाची. चार हिसके म्हणजे वर ओढा. वर आल्यावर कुंदननं पाठीवर थाप मारली. मला हा पोरगा फार आवडलाय.

१३ मार्च
काल कुंदन गेला.
माझा पाय जाळ्यात अडकला. तो सोडवायला आला. मी वर आलो. त्याचा नुसता दोर वर आला. खांबाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांवर घासून तुटला असणार, असं मी सगळ्यांना सांगितलं. कालपासून शोधताहेत, काही सापडलं नाही.

१५ मार्च
काका धक्क्यावर बसून आहेत, तुटका दोर पाण्यात सोडून. बुडालेला मिळेपर्यंत घरच्यांनी त्याचा दोर हातातून सोडायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत. म्हणाले, पोर पान्यान हाय, आमी घरान कसं बसू? मग दोर वर घेऊन टोक माझ्यापुढे धरलं. कालवांनी तुटला तर तंतू पिंजतात, हा एवढा सरळ कसा? 
काकांनी दोर परत पाण्यात सोडला. चार हिसके बसले. खालून.

१६ मार्च
मी नियम पाळला होता. हिसका दिला. उलट हिसका आला. कुंदनचाच दोर आहे हे कळलं मला. पण त्याचा वेढा माझ्या गळ्याला बसलेला, हवा संपत आलेली — कापला. जाणूनबुजून. मला माझीच किळस येते.

१७ मार्च, दुपार
धक्क्यावर. काका-काकूंना सगळं सांगितलं. काका ओरडले नाहीत. दोर माझ्या कमरेला बांधला, आता तूच त्याला वर काढ म्हणाले. काकूंना धरून घरी गेले.
चार हिसके.
ओढतोय. जड आहे. येतोय —
थांबला. आता तो ओढतोय. मी खालच्या पायरीवर — पाणी गुडघ्याला —
गाठ सुटत नाही. कटर हातात आहे.
हिसका दिला. उलट —
कुंदन, माफ कर.
कापला.
कापला तरी ओढ —