छप्पन्न किलो

१२ मार्च २००७, सोमवार

आला! अकरा वर्षांनी, माझ्याच दुकानात, माझ्याच टेबलासमोर येऊन बसला. मधुसूदन. माझा सख्खा मामेभाऊ. ज्याने माझ्या बहिणीचं लग्न मोडलं, तो! "मुद्दाम तुझ्याकडेच आलो, गिरी." गिंडीत बाथरूमच्या सामानाची सहा दुकानं आहेत. याला माझंच दिसलं.

तिरुवल्लिकेणीत जुनं घर घेतलंय म्हणे. वरच्या मजल्यावर नवं न्हाणीघर करायचंय. शॉवरखाली उभं राहायला ट्रे हवा, पाणी बाहेर पसरू नये म्हणून. मी दोन दाखवले. अ‍ॅक्रिलिकचा, चौदा किलो. आणि रेझिनचा, दगडाची भुकटी घालून ओतलेला, छप्पन्न किलो. त्याने दोन्हींवर बोटांनी टकटक केली, आमच्याकडे पितळेचं पातेलं घेताना करतात तशी. "हा पोकळ वाजतो रे. जड तोच दे. जड वस्तू टिकते." किती जड, ते विचारलं नाही. "तू आहेस की. मी काय बघायचं त्यात?"

प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आधी विचारतो. कितवा मजला? खालचं छत कसलं? वर चढवणार कसा? आमच्या दुकानाच्या मालकीण, कीर्तना मॅडम, नव्या लोकांना हे शिकवायला मलाच सांगतात. आज मी विचारलं नाही. कारण पत्ता ऐकला आणि हात थांबला. नोकरीला लागलो तेव्हा दोन वर्षं मी त्याच घरात खोली घेऊन राहिलो होतो. छत लाकडी तुळयांचं. मधल्या खोलीतली तिसरी तुळई वाळवीने पोखरलेली. मालकाने खाली खांब लावून ती तोलून धरली होती. तिच्यावर बरोबर वरचं न्हाणीघर येतं.

हसून ऑर्डर लिहून घेतली.

१३ मार्च

दिवसभर गुणगुणतोय. सरोजा म्हणाली, "काय रे, लॉटरी लागली की काय तुज?"

तिला सांगितलं नाही. तिचा साखरपुडा झाला होता. बेंगळूरचं स्थळ, इंजिनिअर मुलगा. हॉल ठरला, पत्रिका छापल्या. आणि मुलाकडे पत्र गेलं—मुलीला लहानपणापासून आकडी येते. त्यांनी लग्न मोडलं आणि ते पत्र आमच्याकडे पाठवून दिलं. सही नव्हती. पण अक्षर मधूचं! शाळेत त्याच्या वह्या उतरवून मी पास झालो, मी ओळखणार नाही? घरी जाऊन विचारलं तर तोंड वर करून म्हणाला, "हो, मी लिहिलं." बस. ना माफी, ना कारण. बाबांनी अंथरूण धरलं ते धरलंच. सरोजा आज अडतीस वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते, संध्याकाळी माझ्यासाठी भात लावते.

आम्ही आकडीचं बोललो नव्हतो, खरंय. कोण बोलतं? गोळ्या चालू होत्या. लग्नानंतर सावकाश सांगितलं असतं.

१५ मार्च

माप घ्यायला गेलो. खालच्या मधल्या खोलीत आता पीओपीचं पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग. तुळया दिसतच नाहीत! खांबही नाही. आधीच्या मालकाने काढून टाकला असणार. मधूला ठाऊकच नाही डोक्यावर काय आहे ते. तिथेच टेबल टाकून बसतो, कंपनीच्या फायली बघतो. बरोबर खाली!

फॉर्मवर एक रकाना असतो—खालचं छत. मी लिहिलं, काँक्रीट. खाली सही ठोकली.

मामी बाहेर आली. अन्नपूर्णाबाई. किती वाळलीय. "गिरी नं? बस की रे. काप्पी घेऊन जा. सरोजाज का आणलं नाहीस?" कॉफी प्यायलो. गोड होती.

१६ मार्च

जीव जावा असं काही माझ्या मनात नाही. छत खचावं. त्याची फजिती व्हावी. गल्लीत लोक जमावेत.

१८ मार्च, रविवार

कालचं खोटं आहे. नाही, परवाचं. ज्याच्यासमोर खोटं बोलायची गरज नाही अशी ही एकच वही, आणि तिच्यातही बोललो.

ट्रे छप्पन्न. खाली वाळू-सिमेंटचा थर, तो नव्वद. शॉवरभोवतीची काच चाळीस. त्यावर दोन मिस्त्री, साठ-साठचे. पोखरलेल्या तुळईवर! हे गणित मी ऑर्डर घेताना तोंडीच केलं होतं. पडलंच तर खाली जो असेल त्याचं काय होईल, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. होऊ दे. बाबांचं काय झालं? सरोजाचं काय झालं? तेव्हा मामीसुद्धा गप्प बसली होती.

नवं अ‍ॅक्रिलिक स्वस्त झालंय, असा एक फोन केला तर तो कदाचित बदलून घेईल. फोन केला नाही.

२१ मार्च, बुधवार

ट्रे पोचला. चार माणसं, दोरखंड, जिन्यात तीनदा टेकवला. "अय्यो! सार, इदु कल्लु!" हा दगड आहे म्हणून ओरडत होती. मधू खालून कौतुकाने बघत होता. "बघ, म्हटलं नव्हतं? माल आहे!"

वर भिंतीला टेकवून ठेवला. उद्या नऊला मिस्त्री बसवणार.

खाली आलो तर मधल्या खोलीत टेबल नाही. तिथे पलंग! मामीला मागच्या खोलीत उकडतं, म्हणून कालपासून ती इथे झोपते. चादरीवर पांढरी भुकटी पडली होती. मामीने हाताने झटकली. "नवं घर, असंच असतं, परवाइल्ला, चालायचंच."

बोलायला तोंड उघडलं. मधूने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "झालं गेलं सोड की रे गिरी." सोड! जणू मीच काही केलंय. तोंड मिटलं आणि बस पकडली.

२२ मार्च, सकाळचे सव्वासात

इडली खाता खाता सरोजाला सगळं सांगून टाकलं. वाटलं, एवढी वर्षं सोसलंय, आज तिचं समाधान होईल. तिने ताट सरकवलं.

"ते पत्र मी लिहायला लावलं त्याज. माझ्या हाताचं अक्षर बाबा ओळखतील म्हणून. तू आणि बाबा, तुम्ही दोघं लपवून मज कोणाच्या तरी घरात ढकलणार होतात. मज तसं जायचं नव्हतं. तुज सांगायचं नाही अशी शपथही मीच घातली. माझ्यासाठी शिव्या खाल्ल्या रे त्यानं, अकरा वर्षं!"

मधू फोन उचलत नाही. मिस्त्री नऊला येतील. मामी उठली असेल का? चौकात रिक्षा मिळेल. सरोजा साडी बदलून चपला घालतेय. म्हटलं, तू थांब, मी जाऊन सांगतो. म्हणाली, "मी येत्यें. तुझा भरवसा नाही."