कामं आटपली की येते

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकटीचा वाकून नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट आहेत. माझे गुडघे तेवढे कुरकुरतात, पण ते घरातल्या माणसांसारखेच, लक्ष दिलं की जास्त. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी बांधून पडून आहेस, असं तुझी सून फोनवर म्हणाली. "मावशी, मी कामावर गेले की आईंना दिवस खायला उठतो, कधी येताय?" असंही म्हणाली. मी म्हटलं, "कामं आटपली की येते." (सविस्तर बोलायला गेलं तर रडू येतं आणि मागाहून बिलही येतं. म्हणून हे पत्र.)

आक्का, मी आळस केला नाही गं. तुझ्यासाठी चार दिवस मोकळे काढायचे म्हणून वेळेची काटकसर सुरू केली. साबणाच्या चिपा जोडून मी नवी वडी करते ना, तसे उरलेसुरले वेळ जोडू म्हटलं. जप आणि मटार सोलणं एकत्र बसवलं, एका नामाला एक शेंग. (हातात काम असलं तरी देव ऐकतो, ही माझी श्रद्धा.) छान चाललं होतं, तर एका शेंगेतून हिरवीगार अळी निघाली आणि देवाच्या नावाला जोडूनच माझ्या तोंडून "मेल्या, इथे कुठे तडफडलास!" निघून गेलं. बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "देव काय म्हणाला एवढं?" जप पुन्हा पहिल्यापासून. मटार संपले होते, म्हणून सालं मोजली. वेळ वाचला तो असा.

मग ह्यांची सोय. संसाराला इतकी वर्षं झाली तरी चहाची पत्ती कुठल्या डब्यात हे ह्यांना ठाऊक नाही. म्हणून डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या, डिंक कशाला विकत आणा म्हणून कणकेच्या खळीने. खळ मुंग्यांनी खाल्ली, चिठ्ठ्या गळून पडल्या आणि ह्यांनी त्या मला मदत म्हणून आपल्या मनाने परत लावल्या. काल सरावासाठी ह्यांनाच चहा करायला सांगितला. साखरेच्या जागी मीठ! ह्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत कप रिकामा केला, वर "फक्कड" म्हणाले. मी एक घोट घेतला आणि मोरीकडे धावले. आता तूच सांग, मीठ-साखर न कळणाऱ्या माणसाला सोडून कशी येऊ? शिवाय पडदे धुवायचेत, गाद्यांना ऊन दाखवायचंय, हिशेब लिहायचाय. पुढच्या महिन्यात मात्र नक्की.

तुझी,
धाकटी

ता. क. : ह्यांनी पत्र तपासायला घेतलं. म्हणाले, "मीठ पहिल्याच घोटाला कळलं होतं. तोंड वाकडं केलं असतं तर तू जायचं रद्द केलं असतंस. जा आता, पडदे काही पळून जात नाहीत." आक्का, कपभर मीठ प्यायला गं हा माणूस, आणि मी पडदे धरून बसले होते.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवताना ह्यांनीच विचारलं, "अगं, तिच्या डोळ्याला पट्टी आहे ना? वाचणार कोण?" माझ्या डोक्यातच आलं नव्हतं ते. तेव्हा उद्याच्या पहिल्या गाडीने पत्र मीच घेऊन येते आणि तुझ्या उशाशी बसून मोठ्याने वाचते. (पोस्टाचं तिकीट तेवढं वाचलं.)

तिसरा ता. क. : इथवर ऐकलं असशील तर माझी पिशवी एव्हाना तुझ्या खाटेखाली गेली आहे. एकच मागणं आहे, आक्का. पट्टी सुटेपर्यंत मला "घरी कामं पडली असतील ना गं?" असं विचारू नकोस. विचारलंस तर मी उठून जाईन, माझी खोड तुला ठाऊक आहे.