डोंगरावरचं भांडण

दि. १८ फेब्रुवारी, दुपार

प्रिय सरकार,

सूनबाई आणि मी सुखरूप पोहोचलो. औषधं वेळेवर घेतो, मफलर गळ्यातच आहे आणि चढावर मी धावाधाव केलेली नाही. तुझे गुडघे कसे आहेत? शेकायची पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर राहिली आहे. त्यासाठी स्टुलावर चढू नकोस, शेजारच्यांना हाक मार.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. शिवाय हे गाव घाईत सांगण्यासारखं नाही.

आयुष्यभर मी वर्गातल्या पोरांवर ओरडलो, की दोन डोंगर आणि मधे सूर्य काढू नका, निसर्ग असा नसतो. काल सकाळी इथल्या खोलीची खिडकी उघडली, तर समोर दोन डोंगर आणि बरोब्बर मधे सूर्य. मी मुकाट्याने खिडकी लावून घेतली. सूनबाई हसून हसून पलंगावर बसली.

गाड्या खाली वेशीपाशी थांबतात, तिथून पुढे दगडी गल्ल्या. त्या इतक्या अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. घरं एकमेकांना टेकून उभी आहेत, एक काढलं तर सगळी खाली घरंगळतील असं वाटतं. एके काळी हे गाव ओस पडलं होतं म्हणे. मग काही चित्रकार आले, पडकी घरं मिळतील तशी घेतली, छपरं घातली आणि इथलेच झाले. आता निम्म्या दारांमागे कसली ना कसली कामशाळा आहे. एका ठिकाणी लाकडावर चित्र कोरून त्याचे छापे काढणारी बाई भेटली. दारासमोर दोरीवर तिने ओले छापे चिमटे लावून वाळत घातले होते, आपण टॉवेल घालतो तसे. मला हात शिवशिवले. तिने पटाशी दिली आणि पहिल्याच फटक्याला मी पाखराची चोच उडवली.

"शिक्षक होता का?" तिने विचारलं.

"कशावरून?"

"लाकडाचं ऐकत नाही, त्याला हुकूम सोडता."

हे तू तिला कळवलं होतंस का, अशी मला शंका आहे.

आता गावाचा मुकुटमणी. अगदी वर, चौकात, जुनं सभागृह आहे. आत चारही भिंती चित्रांनी भरलेल्या. राजे नाहीत, लढाया नाहीत. कापणी करणारी माणसं, विहिरीवर भांडणाऱ्या दोघी, पाव पळवणारं कुत्रं आणि निळ्या कपड्यांतली एक बाई, धुणं पिळता पिळता कोणीतरी हाक मारली म्हणून मागे वळलेली. काय मान काढली आहे त्या माणसाने. एकच रेषा, कानामागून निघून खांद्यावर उतरलेली. मी जन्मभर मान शिकवली, पण अशी एकदाही जमली नाही. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे, शेवटी पहारेकऱ्याने आपली खुर्ची आणून दिली.

या चित्रांची डागडुजी करणारा एक माणूस आहे. त्याच्याबद्दल लिहायचं मी इतका वेळ लांबवतो आहे.

सूनबाईच्या छापखान्यात या भिंतींवरचं पुस्तक छापायला आलं आहे, ते तुला ठाऊक आहे. रंग तपासायला तिथे वारंवार येणारा, तो हाच. वय चाळिशीच्या पुढे, केस विरळ, परांचीवर बसून बेसूर गुणगुणतो. आम्हाला त्यानेच सगळं दाखवलं. सूनबाईने छापलेली नमुन्याची पानं आणली होती. त्यातलं निळ्या बाईचं पान त्याने भिंतीशी धरलं आणि म्हणाला, "निळा भडक झालाय."

"भडक नाही. तुम्ही दिव्याच्या पिवळ्या उजेडात बघताय," सूनबाई म्हणाली.

"मी ही भिंत रोज बघतो."

"म्हणूनच. तुमच्या डोळ्यांवर हिची धूळ बसली आहे."

"आणि तुमच्या छापखान्यात दिवसाचा उजेड कधी येतो का?"

मग जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी, तो परांचीवरून वाकलेला. मोठा दरवाजा उघडायला लावला, पान उजेडात नेलं, आत आणलं, परत नेलं. पहारेकरी माझ्याकडे बघून हसला. मी मात्र चित्र बघायचं सोडून तिच्याकडे बघत राहिलो. हा आवाज मी आपल्या स्वयंपाकघरात ऐकला होता. पंखा किती वेगाने लावायचा यावरून, चहात आलं घालायचं की नाही यावरून. आपला पिंट्या गेल्यापासून ती कोणाशीही भांडलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? आपण म्हणायचो, किती समजूतदार पोर, किती शांत. ती शांत नव्हती गं. तिचं सगळं विझलं होतं.

संध्याकाळी चौकाच्या कठड्यावर आम्ही दोघंच बसलो होतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला इथे नुसतं गाव दाखवायला आणलेलं नाही."

"कळलं मला."

"कधी?"

"निळ्या रंगावरून."

तिने नमुन्याची पानं पिशवीत नीट सरकवली. मग म्हणाली, "त्याने मला विचारलंय. मी हो म्हणाले नाही अजून. आई नको म्हणाल्या तर मी नाही करणार."

मी तिला म्हटलं, असं करू नकोस. असलं ओझं आईच्या डोक्यावर ठेवलंस तर तिला कधीच नीट झोप लागणार नाही. तुला काय हवंय ते बोल. तेव्हा ती पहिल्यांदा रडली आणि म्हणाली, "मला तो हवाय." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सरकार, तुला न विचारता ठेवला. रागवायचं असेल तर माझ्यावर रागाव.

आज सकाळी त्याने आम्हा दोघांना चहाला बोलावलं. मी मनात सतरा प्रश्न घेऊन गेलो, पण विचारलं त्यानेच. "तुमचा मुलगा कसा होता?"

चार वर्षांत मला हे कोणी विचारलेलं नाही. समोरच्या वहिनी सूनबाईच्या पुढच्या आयुष्याबद्दल एकदा बोलल्या, तर तू त्यांच्याकडे जाणं सोडलंस. आणि आपण दोघं तर त्याच्या नावाला वळसा घालूनच घरात वावरतो. मी बोलत सुटलो. चित्रकलेच्या मास्तरांचा मुलगा चित्रकलेत नापास, आणि नापास करणारा मीच, म्हणून तू माझ्याशी धरलेला अबोला. त्याने काढलेली पाच पायांची गाय. पाचवा कशाला, असं विचारल्यावर म्हणाला होता, एखादा दमला तर. सूनबाईला ही गोष्ट ठाऊकच नव्हती. ती हसली, रडली आणि म्हणाली, "आणखी सांगा." चहाचं पाणी झालं. त्या माणसाने मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही.

तो चांगला आहे. आपल्या पोराच्या जागी बसायला आलेला नाही. लग्नानंतर ती इथे राहील, आपलं घर रिकामं होईल, हे खरंच आहे. तुझ्या मनात काय येईल ते मला नको कळवूस, तिला लिही. ती वाट बघते आहे.

तुझा, आणि या एका बाबतीत तिचाही,
पिंट्याचा बाप


दि. २५ फेब्रुवारी

चि.

पुढे काय लिहू ते सुचेना, म्हणून मायना अर्धाच सोडला आहे. सूनबाई म्हणावं, तर आता तू ती राहणार नाहीस.

यांचं पत्र आलं. मी ते फाडणार होते. मग पाच पायांच्या गाईपाशी थांबले. तो कागद माझ्याकडे आहे, ट्रंकेत, माझ्या शालूच्या घडीत. यांनासुद्धा माहीत नाही. काल काढून बघितला. इतक्या दिवसांनी घरात मोठ्याने त्याचं नाव घेतलं, भिंतींपाशीच, दुसरं कोण होतं ऐकायला.

माझं मन तयार झालेलं नाही. खोटं कशाला लिहू? त्या माणसाचा मला राग येतो, त्याने काही केलेलं नसताना येतो. तुझाही आला होता, दोन दिवस. तरी त्याला घेऊन ये. मी जेवायला वाढीन, फार बोलणार नाही, त्याने वाईट वाटून घेऊ नये. त्याला गाय दाखवीन.

हे म्हणतात तू विझली होतीस. मला ते दिसलं होतं. तू उजळलीस तर निघून जाशील, म्हणून मी बघितलं नाही.

लग्न इथे, आपल्या घरून होईल. तुझ्या माहेरच्यांना मी कळवते. पाठवणी मी करणार, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही.

तुझी आई